चारमँडरला ड्रॅगन डान्स शिकवणार कोण?

गेल्या अंकात एका कोपऱ्यात मी सहज लिहून गेलो होतो की पोकेमॉनमध्ये अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला बापाची मूव्ह, म्हणजे लढाईतला डाव, जन्मतःच येऊ शकते. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की ह्या वेळी बाकीचे गेम बाजूला ठेवावे लागले. क्रिकेट आणि रेसिंगवाल्यांनी रागावू नका, पुढचा अंक तुमचा. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढून टाकलीत, कुठून आलेत तेवढं ठेवलंय.

प्रश्न: दादा, माझ्याकडे मामाचा जुना गेमबॉय अॅडव्हान्स आहे, त्यात पोकेमॉन फायररेड. मी चारमँडर घेतला होता, आता तो चारिझार्ड झालाय. मित्र म्हणतो ह्याला ड्रॅगन डान्स ही मूव्ह येऊ शकते. म्हणून मी रूट 5 च्या डे केअरमध्ये चारिझार्ड ठेवला, पण तो माणूस दुसरा पोकेमॉन घेतच नाही. चार दिवस नुसता चालतोय, अंडं काही नाही. काय चुकतंय? (सिडको, इयत्ता नववी)

उत्तर: भावा, पत्ता चुकलाय. रूट 5 वाला एकच पोकेमॉन सांभाळतो, तिथे तू दहावी पास होईपर्यंत चाललास तरी अंडं मिळणार नाही. फायररेडमध्ये जोडी ठेवायची सोय फोर आयलंडवर आहे, आणि तिथे जायला आधी एलिट फोर (गेमच्या शेवटचे चार उस्ताद) हरवायचे, 60 जातीचे पोकेमॉन पकडून प्रोफेसर ओककडून नॅशनल डेक्स (पोकेमॉनची मोठी नोंदवही) घ्यायचा, मग वन आयलंडवरच्या सेलिओचं माणिक शोधून द्यायचं, तेव्हा कुठे तो रेनबो पास देतो. म्हणजे ब्रीडिंग (जोडी ठेवून अंडी काढणं) हा तुझ्या गेममध्ये सगळं संपल्यावरचा उद्योग आहे, आधी जमणारच नाही, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगतो म्हणजे नंतर शिव्या देणार नाहीस. हा जो तुझा चारिझार्ड आहे ना, तोच, लाडका, ह्याला तुझ्या गेममध्ये ड्रॅगन डान्स कधीच येणार नाही. जी मूव्ह फक्त अंड्यातून येते ती फक्त नव्या पिल्लाला येते. तुला एक नवीन चारमँडर जन्माला घालायचाय आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाढवायचाय. हे ऐकून निम्मी पोरं इथेच सोडून देतात.

अजून आहेस? बरं. आता सगळे जी चूक करतात ती म्हणजे आधी दोन आवडते पोकेमॉन एकत्र ठेवायचे आणि मग बघायचं काय निघतं ते. असं नाही करायचं, मूव्हपासून उलटं चालायचं. ड्रॅगन डान्स पाहिजे ना, मग पहिला प्रश्न हा की ही मूव्ह लेव्हल वाढवून आपली आपण कोणाला येते? ग्याराडोसला येते. दुसरा प्रश्न, ग्याराडोस आणि चारमँडरचं जमतं का? प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन एग ग्रुप असतात, आपल्याकडे पत्रिका बघतात तसंच समज. चारमँडर मॉन्स्टर आणि ड्रॅगन ह्या दोन ग्रुपात, ग्याराडोस वॉटर 2 आणि ड्रॅगन मध्ये, ड्रॅगन दोघांकडे आहे म्हणजे जमलं. तिसरा प्रश्न, चारमँडरच्या एग मूव्हच्या यादीत ड्रॅगन डान्स आहे का? आहे. ही यादी फार महत्त्वाची, कारण बापाला येतं ते सगळं पोराला जात नाही. ग्याराडोसला हायड्रो पंप पण येतो, पण चारमँडरच्या यादीत तो नाही, त्यामुळे बापाने कितीही डोकं आपटलं तरी चारमँडर काही पाणी मारणार नाही.

आता तुझी खरी अडचण. तुझ्या गेममध्ये मूव्ह बाप देतो आणि पिल्लू आईच्या जातीचं निघतं. म्हणजे ग्याराडोस नर पाहिजे आणि चारमँडर मादी पाहिजे. आणि स्टार्टर (गेमच्या सुरुवातीला मिळणारे) पोकेमॉन 8 पैकी 7 वेळा नरच निघतात, तुझा पण नरच असणार, पैज लावतो. तर आधी एक डिट्टो पकडायचा, हा कोणाचीही कॉपी करणारा पोकेमॉन, त्यामुळे जवळपास कोणाशीही त्याची जोडी जमते. तुझा नर चारिझार्ड आणि डिट्टो ठेवले की अंड्यातून चारमँडर निघतो, आणि मादी निघेपर्यंत अंडी काढत राहायची. 8 अंड्यांत एक तरी मादी निघायची शक्यता साधारण 66 टक्के, 16 अंड्यांत 88. माझं स्वतःचं नशीब असं की तेरावं अंडं. प्रत्येक अंड्याला 5 हजारांच्या वर पावलं लागतात, आणि पार्टीत फ्लेम बॉडीवाला पोकेमॉन ठेवून अर्ध्यात काम करायची जी युक्ती मोठी पोरं सांगतात ती एमराल्ड ह्या नंतरच्या गेमपासून चालते, फायररेडमध्ये नाही चालत, तेव्हा सायकल काढ आणि सरळ रस्ता शोध.

मादी मिळाली की ती आणि नर ग्याराडोस फोर आयलंडला. ग्याराडोस ड्रॅगन डान्स बऱ्याच वरच्या लेव्हलला शिकतो, आणि तुझ्याने मधे कधी चुकून नको म्हटलं गेलं असेल तर टू आयलंडवर एक माणूस विसरलेल्या मूव्ह आठवून देतो, फुकट नाही, दोन छोटे मशरूम किंवा एक मोठा घेतो. मशरूम नसतील तर पॅरास पकडत बस, त्यांच्याकडे असतात.

आणि हे नीट वाच कारण मी स्वतः इथे तोंडावर पडलोय. जुन्या गेममध्ये डे केअरमधला पोकेमॉन तुझ्या प्रत्येक पावलाला एक एक्सपीरियन्स पॉइंट घेत असतो, लेव्हल वाढते, नवीन मूव्ह आली की तुला न विचारता शिकतो आणि यादीतली सगळ्यात वरची मूव्ह उडवतो. मी ग्याराडोसच्या पहिल्या जागेवर मोठ्या प्रेमाने ड्रॅगन डान्स ठेवला होता. उन्हाळ्याची सुट्टी, गच्चीवर बसून एक अख्खी दुपार सायकल फिरवली, अंडी घेतली, फोडली, आणि एकापाठोपाठ एक चारमँडर नुसते स्क्रॅच मारणारे. जाऊन बघतो तर काय, बापाने हायपर बीम शिकून ठेवलेला आणि ड्रॅगन डान्स गायब. त्या दिवशी आईने जेवायला हाक मारली तर मी असा चेहरा करून गेलो की तिला वाटलं कोणाशी भांडण झालं. तेव्हा जी मूव्ह पोराला द्यायची ती बापाच्या शेवटच्या जागेवर ठेव, आणि मधे मधे जाऊन बघत जा.

प्रश्न: नमस्कार. प्रश्न माझा नाही, मुलाचा आहे, पण उत्तर मला देता आलं नाही. तो 11 वर्षांचा आहे. त्याच्या गेममध्ये बापाला जे येतं ते पिल्लाला जन्मतःच येतं. परवा स्विमिंग टँकवर पाण्यात उतरायला घाबरला आणि वर मलाच म्हणतो, बाबा तुम्हाला पोहता येतं ना, मग मला का नाही येत? (नाशिकरोड)

उत्तर: साहेब, पोरगा हुशार आहे. त्याने जो प्रश्न विचारलाय तो दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनी विचारलेला आहे. लामार्क नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होता, 1809 साली त्याने मांडलं की प्राणी आयुष्यात जे कमावतो ते पुढच्या पिढीत उतरतं, जिराफाने मान ताणली म्हणून पोराची मान लांब. ऐकायला एकदम पटतं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाइसमान ह्या जर्मन माणसाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापून बघितल्या, आणि दर पिढीत पिल्लं आली ती अख्ख्या शेपटीसकट. कमावलेलं, गमावलेलं, दोन्ही खाली उतरत नाही. त्याच्या आधीच 1866 मध्ये मेंडेलने वाटाण्यांवरचे प्रयोग छापले होते, पण तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मुलाला समजावताना इतकं मागे जायची पण गरज नाही. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांकडची डांगी गाय त्याला दाखवा. त्या भागातल्या धो धो पावसात ती उभी राहते, कातडीच तशी तेलकट, पाणी ओघळून जातं, आणि हे वासराला जन्मतःच मिळतं. पण डांगी बैलाला गाडीला जुंपायला शिकवलं तर ते वासराला मिळत नाही, वासराला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. कातडी उतरते, शिक्षण उतरत नाही. पोहणं हे शिक्षण आहे, तेव्हा त्याला म्हणावं उतर पाण्यात.

गेमची बाजू घेऊन एक गोष्ट मात्र सांगतो, कारण गेमवाले वाटतात तितके वेडे नाहीत. वर नववीतल्या पोराला सांगितलं तसं, ज्या मूव्ह अंड्यातून येऊ शकतात त्यांची यादी जातीनुसार आधीच ठरलेली असते. म्हणजे ड्रॅगन डान्स चारमँडरच्या जातीत कुठेतरी झोपलेला आहे, बाप फक्त उठवतो. आणि खऱ्या जीन्सच्या जवळ जाणारं काही असेल तर ते आयव्ही. प्रत्येक पोकेमॉनला सहा गुणांसाठी जन्मतः 0 ते 31 असे आकडे मिळतात, ते कधी दिसतात कधी नाही, ट्रेनिंगने वाढत नाहीत, आणि आईबापांकडून त्यातले काही जसेच्या तसे उतरतात. जुन्या गेममध्ये तीन उतरायचे. 2013 च्या एक्स आणि वाय पासून आईबापांपैकी एकाच्या हातात डेस्टिनी नॉट ही वस्तू दिली की दोघांच्या मिळून बारा आकड्यांतले पाच उतरतात. हे मेंडेलला दाखवलं असतं तर त्याने निदान मान तरी डोलावली असती.

अवांतर: तुमचे कोणी नातेवाईक दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागायतदार असतील तर मुलाला बागेत न्या. आपल्याकडे डॉगरीजचा खुंट लावून त्यावर थॉमसनचं कलम करतात, बी लावून द्राक्ष कोणी वाढवत नाही, त्यामुळे तिथे आई-बाप हा प्रकारच नाही, अख्खी बाग एकाच झाडाची कॉपी. त्याला सांगा की ह्या बागेत ब्रीडिंग नाही, डिट्टो आहे. हसेल.

प्रश्न: थ्रीडीएसवर पोकेमॉन एक्स खेळतोय. अझुमॅरिलला बेली ड्रम आणि अॅक्वा जेट दोन्ही पाहिजेत, दोन्ही एग मूव्ह आहेत. दोन्ही येणारा एक बाप मला सापडत नाहीये, दोन आठवडे याद्या बघतोय. आमच्या कॉलेजात एक सिनियर म्हणतो हे शक्यच नाही. (कॉलेज रोड)

उत्तर: तुझा सिनियर बरोबर आहे, फक्त काही वर्षं उशिरा. डीएसच्या जमान्यात हे खरंच शक्य नव्हतं. तेव्हा मूव्ह फक्त बाप द्यायचा, आणि दोन्ही मूव्ह येणारा बाप त्या याद्यांमधून पिढ्यांची कशीही चेन लावली तरी तयार होत नव्हता. पण तू एक्स खेळतोयस, आणि एक्स-वायपासून आई पण एग मूव्ह देते. एवढ्या एका बदलाने अझुमॅरिलचं नशीब पालटलं.

तेव्हा एक बाप शोधणं बंद कर, दोन बाप शोध, आणि पुन्हा तेच, मूव्हपासून मागे ये. बेली ड्रम पॉलिव्हर्लला लेव्हलने येतो, तो वॉटर 1 ग्रुपातला, मॅरिल (अझुमॅरिलचं आधीचं रूप) पण वॉटर 1 मधली. नर पॉलिव्हर्ल आणि मादी मॅरिल ठेव, बेली ड्रमवाली मॅरिल निघेल, त्यातली मादी ठेवून घे. अॅक्वा जेट बुईझेलला लेव्हलने येतो, तो पण वॉटर 1. आता ही बेली ड्रमवाली मॅरिल आई आणि अॅक्वा जेटवाला बुईझेल किंवा फ्लोटझेल बाप. आई एक देते, बाप एक देतो, पोरगी दोन घेऊन येते. मॅरिलमध्ये नर-मादी निम्मे निम्मे असतात त्यामुळे चारमँडरसारखी रड नाही. ह्यूज पॉवर ही अॅबिलिटी (अंगभूत खासियत) असलेली आई घे म्हणजे ती पण बहुतेक वेळा उतरते.

हे एवढं कशासाठी करायचं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेली ड्रममध्ये स्वतःचं अर्धं रक्त देऊन अॅटॅक एकदम चौपट होतो, ह्यूज पॉवर तो आणखी दुप्पट करते, आणि अॅक्वा जेट जवळपास नेहमी समोरच्याच्या आधी लागतो. दिसायला निळा ससा, गोल पोट. समोरचा हसत असतानाच त्याची टीम संपते.

प्रश्न: स्मिअरगल सगळ्यांचा बाप होऊ शकतो असं ऐकलं, खरं का? (पंचवटी)

उत्तर: सगळ्यांचा नाही, फील्ड ग्रुपातल्यांचा. पण तो ग्रुपच सगळ्यात मोठा आहे त्यामुळे अफवा पसरली. स्मिअरगलला स्केच नावाची एकच मूव्ह येते, समोरच्याने शेवटची मारलेली मूव्ह तो कायमची उतरवून घेतो, जवळपास कुठलीही. म्हणजे तीन-चार पिढ्यांची चेन लावण्याऐवजी नर स्मिअरगलला ती मूव्ह उतरवायला लावायची आणि थेट बाप करायचा. डबल बॅटलमध्ये आपल्याच दुसऱ्या पोकेमॉनची मूव्ह उतरवून घेता येते, शत्रूची वाट बघत बसायला नको. आमच्या वेळी शाळेत एक मुलगा सगळ्यांच्या वह्या उतरवून पास व्हायचा आणि मग ज्युनियरना तोच शिकवायचा, स्मिअरगल बघितला की मला तोच आठवतो.

प्रश्न: माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे. आम्ही दोघं पोकेमॉन शिल्ड खेळतो. वेगळ्या देशातले पोकेमॉन एकत्र ठेवले की शायनी (वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन) लवकर निघतो म्हणून त्याच्याकडून डिट्टो घेतला. 400 अंडी झाली. एकही नाही. (इंदिरानगर)

उत्तर: अरे देवा. ताई, बसून घ्या. देश वेगळा असून उपयोग नाही, गेमची भाषा वेगळी लागते. मावसभाऊ अमेरिकेत इंग्लिशमध्ये खेळतो, तुम्ही नाशकात इंग्लिशमध्ये खेळता, गेमच्या हिशोबाने तुम्ही दोघं एकाच वाड्यातले. तुमची 400 अंडी साध्या शक्यतेवर गेली, म्हणजे 4096 मध्ये एक.

ह्याला मसुदा मेथड म्हणतात, गेम बनवणाऱ्या जुनिची मसुदाच्या नावावरून, 2006 च्या डायमंड-पर्लपासून आहे. दोन पालक वेगवेगळ्या भाषेच्या गेममधून आले असतील तर तुमच्या शिल्डमध्ये शक्यता साधारण 683 मध्ये एक होते, आणि पोकेडेक्स पूर्ण करून शायनी चार्म मिळवलात तर 512 मध्ये एक. तेव्हा असा कोणी शोधा जो जपानी, जर्मन, फ्रेंच, कुठल्यातरी दुसऱ्या भाषेत खेळतो. मिळालेल्या डिट्टोचं नाव परक्या लिपीत दिसलं की समजायचं काम झालं, जपानी डिट्टोचं नाव जपानीतच राहतं. मावसभावावर रागावू नका, त्याला पण माहीत नसणार. आणि ती 400 पिल्लं सोडून द्यायच्या आधी आयव्ही बघा, त्यात एखादं रत्न निघू शकतं.

प्रश्न: एका दुकानातून पोकेमॉन गोल्डची कॅसेट घेतली, जुनी. टोगेपीचं अंडं फोडलं, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी सगळं गायब. दुकानदार म्हणतो चालवताना तुमची चूक. दुसरी फायररेड पण घेतली होती, तिचं पण तसंच. (मेन रोडजवळ)

उत्तर: ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीत तुमची चूक नाही. गोल्ड-सिल्व्हर जपानमध्ये 1999 ला आले, तेव्हाच पहिल्यांदा पोकेमॉनमध्ये नर-मादी, अंडी, डे केअरमध्ये जोडी हे सगळं आलं. त्या कॅसेटच्या आत एक बटण सेल असतो, सीआर 2025, सेव्ह आणि घड्याळ दोन्ही त्याच्यावर. सेल मेला की सेव्ह गेलं. इतक्या वर्षांत तो मरणारच. नवीन सेल कुठल्याही स्टेशनरीत मिळेल, पण तो आत सोल्डर केलेला असतो, त्यामुळे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या काकांकडे न्या, सेलला टॅब लावून बसवा म्हणावं, नुसती चिकटपट्टी लावून परत देत असतील तर घेऊ नका. मी एकदा घेतली, खिशात ठेवून सायकलवर घरी येईपर्यंत सेल सरकलेला. आणि सेल बदलल्यावर जुनं सेव्ह परत येत नाही, टोगेपी गेला तो गेला.

फायररेडचं मात्र वेगळं. तिच्यात सेव्हसाठी सेल लागतच नाही, चिपवरच राहतं. रूबी, सफायर, एमराल्डमध्ये सेल आहे पण तो फक्त घड्याळाचा, तो संपला तरी गेम तसं सांगतो आणि सेव्ह सुरक्षित राहतं. तेव्हा फायररेड दुसऱ्या दिवशी सगळं विसरत असेल तर ती बहुतेक डुप्लिकेट आहे. लेबलचा रंग फिका, मागचा स्क्रू साधा प्लस टाइप, अशा खुणा बघा आणि परत करून पैसे मागा. चारमँडरवाल्या नववीतल्या मित्रा, तू पण तुझी कॅसेट एकदा बघून घे, 16 अंडी फोडायच्या आधी.

प्रश्न: पालवर्ल्डमध्ये पण असंच आहे का? (सातपूर)

उत्तर: थोडं. तिथे मूव्हपेक्षा पॅसिव्ह स्किलचा (आपोआप लागू होणाऱ्या गुणांचा) वारसा महत्त्वाचा, एका पालला (तिथल्या प्राण्याला) चार पर्यंत असतात आणि पिल्लाला आईबापांच्या ढिगातून उचलून मिळतात, काही वेळा भलतंच पण येतं. एग ग्रुपची भानगड नाही, नर आणि मादी असले की कोणाचंही कोणाशीही जमतं, आणि पिल्लू कुठल्या जातीचं हे दोघांच्या मधल्या एका लपवलेल्या आकड्यावरून ठरतं, त्यामुळे दोन बारक्यांचं पोर तिसरंच कोणी निघतं. खर्च मात्र केकचा. एका केकला 5 पीठ, 8 बेरी, 7 दूध, 8 अंडी आणि 2 मध. अंड्यासाठी आठ अंडी लागतात, हे गणित मला आजपर्यंत पचलेलं नाही.

प्रश्न: मी पोकेमॉन गो खेळतो, रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर अंडी फोडतो. चांगल्या मूव्हवाले दोन पोकेमॉन एकत्र ठेवायचं बटण कुठे आहे? (गंगापूर रोड, वय 58)

उत्तर: काका, ते बटणच नाहीये. गो मध्ये ब्रीडिंग नाही. अंडी पोकेस्टॉपवरून, मित्रांच्या गिफ्टमधून किंवा टीम रॉकेटच्या लीडरला हरवून मिळतात, 2, 5, 7, 10, 12 किलोमीटरची, त्यांना आईबाप नाहीत. गो मध्ये खास मूव्ह पाहिजे असेल तर कम्युनिटी डे ची वाट बघायची, त्या दिवशी ठरलेल्या वेळेत त्या पोकेमॉनला इव्हॉल्व्ह केलं (पुढच्या रूपात नेलं) की खास मूव्ह घेऊनच येतो. हुकलं तर एलिट टीएम, ही मूव्ह शिकवणारी वस्तू. बाकी 58 व्या वर्षी 12 किलोमीटरचं अंडं चालून फोडताय म्हणजे तुमच्याकडून आम्हीच शिकलं पाहिजे, गोदाघाटावरून गंगापूर रोडपर्यंत चालून आलो तर मला दोन दिवस पाय चोळावे लागतात.

प्रश्न: स्कार्लेटमध्ये आता मिरर हर्ब आल्यावर मूव्हसाठी ब्रीडिंगची गरजच उरली नाही ना? मग हे सगळं जुनं कशाला छापता? (देवळाली कॅम्प)

उत्तर: खोचक आहे पण बरोबर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2022 च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये डे केअर नाही, पिकनिक आहे. टेबल मांडायचं, सँडविच खायचं, बास्केटमध्ये अंडी येतात. आणि मूव्ह द्यायला अंडं पण नको. समजा अझुमॅरिलला बेली ड्रम पाहिजे. तिच्या समरीत जाऊन एक मूव्ह विसरायला लाव म्हणजे जागा रिकामी होते, हातात मिरर हर्ब दे, पार्टीत बेली ड्रम येणारा हरियामा ठेव, बाकीचे बॉक्समध्ये टाक, पिकनिक सुरू कर, थोडा वेळ थांब, आवर. झालं. हरियामा नर का मादी, कुठल्या ग्रुपचा, काही फरक पडत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जुन्या लाडक्या वाढवलेल्या अझुमॅरिललाच मूव्ह येते, नवीन पिल्लू वाढवावं लागत नाही. स्वोर्ड-शिल्डमध्ये ह्याची अर्धी पायरी आली होती, तिथे एकाच जातीचे दोघं नर्सरीत (तिथलं डे केअर) ठेवले आणि एकाची जागा रिकामी असली की मूव्ह सरकायची.

तर मूव्हसाठी गरज उरली नाही हे मान्य. आयव्ही, शायनी, अॅबिलिटी ह्यासाठी अजून अंडी फोडतातच लोक. पण तुम्ही "जुनं कशाला" म्हणता तेव्हा ह्या अंकाची पत्रं बघा. फायररेड, एक्स, गोल्ड. आपल्याकडे गेम मामाकडून, मोठ्या भावाकडून, जुन्या बाजारातून येतो, स्कार्लेट आणि स्विच घेणारे थोडे, त्यातही तुमच्यासारखे पत्र लिहिणारे त्याहून थोडे. आणि मिरर हर्बमध्ये पण मूव्ह येणारा पहिला कोण हे शोधावंच लागतं, हरियामाचं नाव मला आकाशातून नाही पडलं.

प्रश्न: माझ्या पिचूला (पिकाचूच्या पिल्लाला) व्होल्ट टॅकल पाहिजे. दादा म्हणतो बाबाला येत नाही म्हणून मला येणार नाही. मी रडले. (मेरी, इयत्ता चौथी)

उत्तर: रडू नको, दादाला आज तू शिकव. ही एक मूव्ह अशी आहे की बाबाला यायलाच लागत नाही. पिकाचू आई असो नाहीतर बाबा, डे केअरमध्ये ठेवायच्या आधी त्याच्या हातात लाइट बॉल द्यायचा, पिवळा गोळा असतो बघ तो. एमराल्डपासून हे चालतं, तुझा गेम त्याच्या नंतरचा असला की झालं. बाबा एकटाच असेल तर सोबत डिट्टो ठेव. अंडं फुटलं की आतला पिचू व्होल्ट टॅकल घेऊनच येतो. लाइट बॉल मिळत नसेल तर रानातले पिकाचू पकडत राहा, कधी कधी त्यांच्या हातात असतो, आणि पकडताना शेवटचा बॉल दादाला मारू दे, म्हणजे तो परत चिडणार नाही.